चार नंबरची जागा: पेप ग्वार्डिओला खेळाडूचा प्रशिक्षक कसा झाला

बार्सिलोनाकडून लीगचे २६३ सामने आणि गोल फक्त ६. पेप ग्वार्डिओलाचा खेळाडू म्हणून एवढाच हिशेब मांडला, तर हा माणूस कुणाच्या लक्षातही राहू नये. वेग बेताचा, अंगकाठी किरकोळ, हवेतला बॉल जिंकणं कठीण, एकट्यानं दोघांना चकवणं तर दूरच. तरीही ज्या बार्सिलोनानं १९९१ ते १९९४ सलग चार वेळा स्पॅनिश लीग जिंकली, तिचा खेळ याच्याच पायातून सुरू व्हायचा.

प्रशिक्षक म्हणून त्यानं पुढे जे काही केलं त्याला ‘टिकी-टाका’ (छोट्या छोट्या पासांचा खेळ) असं लेबल लावून मोकळं होण्याची सवय सगळ्यांनाच आहे. खुद्द त्याला हा शब्द आवडत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण नुसते पास देत राहणं हा त्याचा मुद्दा कधीच नव्हता. त्याच्या बहुतेक कल्पना मैदानावरच्या एकाच जागेतून निघाल्यात: दोन स्टॉपर्सच्या (गोलसमोर मधोमध उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या) पुढे आणि मधल्या फळीच्या बुडाशी असलेली, जिथे तो स्वतः अकरा हंगाम खेळला. आपण तिला पिव्होट म्हणतो. बार्सिलोनात नुसतं ‘चार नंबर’.

ही जागा त्याला योहान क्रायफमुळे मिळाली. पेपचा जन्म १८ जानेवारी १९७१ चा, कॅटलोनियातल्या सांतपेदोर गावातला. तेराव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ अकादमीत राहायला गेला. क्रायफ १९८८ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा हा सडपातळ पोरगा एका सामन्यात उजवीकडे खेळत होता. क्रायफनं त्याला मधे खेळवायला सांगितलं. डिसेंबर १९९० मध्ये काडिझविरुद्ध तो पहिल्या संघातून उतरला, वय १९.

क्रायफची मांडणी ३-४-३ होती. मागे तिघे, पुढे तिघे, आणि मधल्या चौघांचा हिऱ्यासारखा चौकोन. त्या चौकोनाचं मागचं टोक म्हणजे चार नंबर. मागे फक्त तिघे असल्यामुळे या जागी रांगडा, टॅकल मारणारा गडी हवा, असं कुणालाही वाटेल. क्रायफचा हिशेब उलटा होता. इथे बॉल गमावला तर तीनच माणसं उरतात, मग बॉल न गमावणारा माणूस इथे हवा.

आता हा माणूस नेमकं करतो काय, ते जवळून पाहू. डावा स्टॉपर पंधरा मीटरवरून पास देतो. बॉल पोचायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात पिव्होटनं खांद्यावरून मागे पाहून घेतलेलं असतं: अंगावर कोण येतंय, कुठल्या बाजूनं, पुढे कोण मोकळा आहे. तो स्टॉपरकडे सरळ तोंड करून उभा राहत नाही, अर्धा वळून उभा राहतो. त्यामुळे आपला स्टॉपर आणि समोरचा गोल दोन्ही त्याला एकाच वेळी दिसतात. बॉल जवळच्या डाव्या पायावर न थांबवता तो अंगासमोरून सरकू देतो आणि लांबच्या उजव्या पायानं घेतो. पहिल्या टचलाच तो पुढे तोंड करून उभा असतो, दुसऱ्या टचला पास गेलेला असतो.

नवख्याचं इथेच बिघडतं. तो बॉल जवळच्या पायानं घेतो. बॉल थांबतो, पाठ समोरच्या गोलकडे राहते, वळायला आणखी दोन टच लागतात आणि तोवर प्रतिस्पर्धी मानेवर बसलेला असतो. मग एकच पास उरतो, आल्या वाटेनं परत मागे. बघणाऱ्याला वाटतं पास चुकला; खरी चूक पास येण्याच्या आधी, उभं राहण्यात झालेली असते.

पास देण्यातही असंच. ज्याला पास द्यायचा त्याचा मार्कर उजवीकडून येत असेल, तर बॉल डाव्या पायावर द्यायचा. म्हणजे ‘इकडून वळ’ हे वेगळं ओरडून सांगावं लागत नाही. आणि पास कडक हवा. दहा मीटरचा मऊ पास म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली तीन पावलं.

हे सगळं ज्याला डोळ्यांनी आणि डोक्यानं करावं लागतं, त्याला बाकीच्या दहा जणांचं उभं राहणं पाठ असावं लागतं. पळून चूक निस्तरण्याची सोय पेपकडे नव्हती. उजवा विंगर (कडेनं हल्ला करणारा खेळाडू) दोन मीटर आत सरकला तरी याचा पास अडायचा. प्रशिक्षक म्हणून तो डगआउटमधून मीटरभराच्या चुकीवर जे हातवारे करतो, त्याचं मूळ हे आहे.

खेळाडू म्हणून कमाई मोठी: १९९२ च्या मे महिन्यात वेम्बलीवर साम्पदोरियाला १-० नं हरवून क्लबचा पहिला युरोपियन कप, त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनातच ऑलिंपिक सुवर्ण, एकूण सहा लीग विजेतेपदं, स्पेनकडून ४७ सामने. पण १९९४ ची अथेन्समधली युरोपियन फायनल या जागेबद्दल जास्त सांगते. मिलाननं बार्सिलोनाला ४-० असं धुतलं. मिलानच्या मधल्या फळीत मार्सेल देसाई होता, धिप्पाड आणि वेगवान; शेवटचा गोलही त्याचाच. पुढच्या दहा वर्षांत बऱ्याच मोठ्या क्लबांना देसाईसारखे गडी हवे झाले आणि पेपसारखे नकोसे.

त्यामुळे २००१ मध्ये बार्सिलोना सोडल्यावर त्याच्या वाट्याला आलं इटलीतलं ब्रेशिया. तिथे नँड्रोलोन या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत दोषी ठरवून त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली गेली. तो लढत राहिला आणि शेवटी निर्दोष ठरला, पण प्रकरण पूर्ण मिटायला २००९ उजाडलं. मधे थोडा काळ रोमा, मग कतारचा अल-अहली, आणि शेवटी मेक्सिकोतला डोराडोस दे सिनालोआ. मेक्सिकोला जाण्याचं कारण पैसा नव्हता. तिथे हुआन मान्वेल लिलो प्रशिक्षक होता. जागांच्या खेळाबद्दल लिलोइतका विचार केलेली माणसं थोडी. हाच लिलो पुढे मँचेस्टर सिटीत पेपचा सहायक झाला. बूट टांगल्यावर पेप अर्जेंटिनात जाऊन प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साशी तासन्‌तास बोलत बसला. २००६ च्या विश्वचषकात रिकार्डो ला व्होल्पेच्या मेक्सिकोकडूनही त्यानं एक गोष्ट उचलली: प्रतिस्पर्ध्याचे दोन फॉरवर्ड दाबायला आले, की पिव्होट मागे येऊन दोन स्टॉपर्सच्या मधे उभा राहतो, स्टॉपर्स रुंद होतात, आणि दोघांविरुद्ध तिघे होऊन बॉल सहज बाहेर निघतो.

२००७ मध्ये त्याला बार्सिलोना ‘ब’ संघ मिळाला, तोही चौथ्या श्रेणीत घसरलेला. वर्षभरात त्यानं तो वर चढवला. त्या संघात सर्जिओ बुस्केत्स नावाचा एक उंच, हडकुळा, पळण्यात संथ पिव्होट होता. २००८ च्या उन्हाळ्यात पेप ३७ व्या वर्षी मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला. रोनाल्डिन्हो आणि डेको यांना त्यानं निरोप दिला आणि बुस्केत्सला वर घेतलं. पहिला सामना नुमान्सियाकडून ०-१ असा हरला, दुसरा रासिंगशी बरोबरीत सुटला. दोन सामन्यांत एक गुण, आणि चार महिन्यांपूर्वी चौथ्या श्रेणीत खेळणारा पोरगा मधे! टीका व्हायची ती झाली. पण चार नंबरला ताकदवान याया तूरे तयार असूनही त्यानं हळूहळू ती जागा बुस्केत्सकडे सोपवली. २००९ च्या रोममधल्या फायनलला तूरे स्टॉपर म्हणून उतरला, पिव्होट बुस्केत्स. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-०. त्या वर्षी क्लबनं सहाच्या सहा चषक घेतले.

चौथ्या श्रेणीतला संथ खेळाडू युरोपच्या फायनलमध्ये टिकतो कसा? त्याच्याभोवती जागा आखलेल्या असतात म्हणून. खो-खो खेळलेल्याला हे पटकन कळेल. पाटीवर बसलेले गडी पळणाऱ्याच्या मागे सैरावैरा धावत नाहीत. ते आपापल्या चौकात, आलटून पालटून तोंडं करून बसलेले असतात आणि पळण्याची पाळी खो मिळाल्यावर त्यांच्याकडे येते. जागांच्या खेळात तसंच: माणूस बॉलकडे धावत नाही, आपल्या जागी थांबतो आणि बॉल त्याच्याकडे येतो. विंगर बाजूच्या रेषेला चिकटून दहा दहा मिनिटं बॉलशिवाय उभा असेल, तर तो आळशी नाही. प्रतिस्पर्ध्याच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) त्यानं बाहेर खेचून ठेवलंय.

यातलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे ‘तिसरा माणूस’. स्टॉपरला पिव्होटकडे पास द्यायचाय, पण मधे फॉरवर्ड उभा आहे. मग स्टॉपर आणखी पुढच्या मिडफिल्डरला लांब पास देतो आणि तो एका टचमध्ये बॉल मागे, मोकळ्या पिव्होटकडे सोडतो. फॉरवर्डनं सरळ वाट बंद केली होती, बॉल वळसा घालून तिथेच पोचला. बचाव करणाऱ्याला हे थांबवणं अवघड जातं, कारण त्याची नजर बॉलवर आणि पहिल्या दोघांवर असते, तिसऱ्यावर नाही.

२ मे २००९ ला रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ हरवलं, तोही जागेचाच हिशेब. माद्रिदचे मिडफिल्डर पुढे दाबायला येत आणि कानाव्हारो-मेट्झेल्डर हे स्टॉपर मागेच थांबत. मधे मोठी पोकळी. पेपनं मेसीला उजवीकडून काढून सेंटर फॉरवर्ड केलं आणि पुढे न थांबता त्या पोकळीत उतरायला सांगितलं. स्टॉपर पुढे आला तर त्याच्या मागून हेन्री नाहीतर एटो पळणार, नाही आला तर मेसी मोकळा. दोन्हीकडून मरणच.

बॉल गेल्यावर काय, हा भाग हौशी संघ हमखास विसरतात. बॉल जाताच जवळचे तिघे-चौघे पाचेक सेकंद तुटून पडतात. खेळाडू आधीपासून एकमेकांपासून दहा-बारा मीटरवर असतील तरच हे शक्य होतं, म्हणून छोटे पास बचावाचीही तयारी असतात. पाच सेकंदांत बॉल मिळाला नाही, तर सगळे मागे. सहाव्या सेकंदाला एकटाच कुणी दाबायला गेला की त्याच्या मागची जागा उघडी पडते. तिथून प्रतिआक्रमण सुटलं तर हलका फाउल करून खेळ थांबवायचा, हेही या पद्धतीत बसतं. चाहते कबूल करोत वा न करोत.

चार हंगामांत १४ चषक घेऊन तो २०१२ मध्ये थकून बाहेर पडला. एक वर्ष न्यूयॉर्कमध्ये काढलं आणि २०१३ मध्ये बायर्न म्युनिकला गेला.

तिथल्या सरावाच्या मैदानावर त्यानं जादा रेषा मारून घेतल्या. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान धरा. पेनल्टी बॉक्सच्या आणि त्यातल्या छोट्या बॉक्सच्या उभ्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढवा, की पाच उभे पट्टे पडतात. मधला १८.३२ मीटर रुंद, त्याच्या दोन्ही बाजूंना ११-११ मीटरचे ‘हाफ-स्पेस’, आणि कडेचे दोन १३.८४ मीटरचे. नियम असा: एका उभ्या पट्ट्यात दोनपेक्षा जास्त नकोत, आडव्या एका ओळीत तीनपेक्षा जास्त नकोत. विंगर आत आला तर फुलबॅकनं बाहेर जायचं; फुलबॅक आत असेल तर विंगरनं रेषेवर राहायचं. या नियमानं पासचे त्रिकोण आपोआप तयार होतात. हाफ-स्पेसला महत्त्व अशासाठी, की तिथल्या खेळाडूला कुणी धरायचं, स्टॉपरनं की फुलबॅकनं, याचा घोळ होतो.

बायर्नमध्ये त्यानं जगातल्या उत्तम फुलबॅकांपैकी एक असलेल्या फिलिप लामला उचलून मधे पिव्होट केलं. पुढे लाम आणि अलाबा फुलबॅक असले तरी बॉल आपल्याकडे असताना आत, पिव्होटच्या शेजारी येऊन उभे राहू लागले. फायदा दुहेरी: बाहेर पडायला जादा वाट, आणि बॉल गेला तर मधोमध माणसं हजर. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, मार्चमध्येच, सात सामने राखून जिंकली. पण एप्रिल २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला रेआलविरुद्ध ०-१ नं मागे असताना पेपनं स्वतःचाच हिशेब मोडला. लामला परत फुलबॅक केलं, मधे दोघेच ठेवले, पुढे चौघे. ०-४. पहिले दोन गोल सेट-पीसवर (कॉर्नर आणि फ्री-किकवर) रामोसच्या डोक्याचे होते, त्यामुळे सगळा दोष मांडणीवर ढकलता येत नाही. तिसरा मात्र मोकळ्या मैदानातून सुटलेलं प्रतिआक्रमण होतं. बायर्नमध्ये तीन लीग मिळाल्या, चॅम्पियन्स लीग नाही.

मग पेप मँचेस्टर सिटीत आला. तिथला २०१६-१७ चा पहिला हंगाम चषकाविना गेला. चारही फुलबॅक तिशी ओलांडलेले आणि गोलरक्षक फटके अडवण्यात कच्चा. पुढच्या उन्हाळ्यात वॉकर, मेन्डी, डॅनिलो हे फुलबॅक आले आणि गोलरक्षक एडरसन आला. निकाल: १०० गुण, १०६ गोल. इथे पैशाचा विषय टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. एकाच उन्हाळ्यात तीन फुलबॅक विकत घेणं बहुतेक प्रशिक्षकांना परवडत नाही. शिवाय आर्थिक नियम मोडल्याचे आरोप प्रीमियर लीगनं फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लबवर ठेवले, क्लबनं ते नाकारले. पेपच्या कल्पना पैशांतून आल्या नाहीत; त्या इतक्या चटकन अमलात आल्या त्या मात्र पैशामुळे.

चार नंबरशिवाय काय होतं, याची सिटीत दोनदा परीक्षा झाली. मे २०२१ ला पोर्तोमध्ये चेल्सीविरुद्धच्या फायनलला पेपनं रोद्री आणि फर्नान्दिन्हो या दोन्ही पिव्होटना बाहेर बसवलं आणि मधे जास्त हल्लेखोर मिडफिल्डर घेतले. ४२ व्या मिनिटाला माउंटचा पास थेट मधली फळी चिरून गेला, हाव्हर्ट्झनं गोल केला. ०-१. आयुष्यभर या जागेची शिकवणी घेणाऱ्यानं सगळ्यात मोठ्या सामन्यात तीच मोकळी ठेवावी, याचं समाधानकारक उत्तर आजही मिळत नाही. दोन वर्षांनी इस्तंबूलला त्यानं उलट केलं. रोद्री होताच, शिवाय स्टॉपर जॉन स्टोन्स पुढे सरकून मधल्या फळीत उभा राहिला. इंटरविरुद्ध १-०, गोल रोद्रीचा, आणि एका हंगामात तीन मोठे चषक.

दुसरी परीक्षा दुखापतीनं घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध रोद्रीचा गुडघा गेला. सलग चार लीग जिंकलेल्या संघानं त्यानंतर ऑक्टोबरअखेरपासून १३ सामन्यांत एकच जिंकला. टॉटनहॅमकडून घरच्या मैदानावर ०-४, फेयेनूर्दविरुद्ध ३-० आघाडीवरून ३-३. बाकीचेही थकले होते, वयं वाढली होती, पण गोलांचा नमुना ठरलेला: बॉल मधे जायचा आणि तिथून सरळ गोलपर्यंत रस्ता मोकळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिटीनं घाईनं निको गोन्सालेस हा पिव्होट विकत घेतला. तोही बार्सिलोनाच्या अकादमीतलाच.

या शाळेची शाखा आपल्याकडेही आली. बार्सिलोनाच्या युवा संघांत काम केलेला आणि २०१२ मध्ये तितो व्हिलानोव्हाच्या हाताखाली मुख्य संघासोबत असलेला सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोव्याचा प्रशिक्षक झाला. त्याचा चार नंबर होता मोरोक्कोचा अहमद जाहू: पळण्यात संथ, पासमध्ये अचूक. गोव्यानं २०१९-२० ची लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची) जिंकली, जरी लोबेराला हंगाम संपण्याआधीच जावं लागलं. पुढच्या हंगामात तो मुंबई सिटीत आला (या क्लबमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं २०१९ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला होता) आणि जाहू, फॉल, बुमूस, मंदार राव देसाई यांना घेऊनच आला. पहिल्याच सामन्यात जाहूला पूर्वार्धात लाल कार्ड मिळालं आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून मुंबई ०-१ हरली. त्याच मुंबईनं मार्च २०२१ पर्यंत शील्ड आणि चषक दोन्ही घेतले.

शाळा-कॉलेजच्या संघाला यातलं काय उचलता येईल? गोलरक्षकापासून छोटे पास सुरू करण्याची हौस आधी बाजूला ठेवा. पाया नसेल तर दर सामन्याला दोन गोल भेट द्याल. सुरुवात रॉन्डोपासून. आठ बाय आठ मीटरचा चौकोन, चारही बाजूंना एकेक, मधे दोघे. बाहेरच्यांना दोन टच. ज्याचा पास चुकला तो लगेच आत. बाहेरच्यानं कोपऱ्यात खिळून न राहता आपल्या बाजूवर मीटर-दोन मीटर सरकत पासची वाट उघडायची. सगळ्यात मोलाचा पास मधल्या दोघांच्या मधून जाणारा, कारण एका फटक्यात दोघेही बाद. आतल्यांनी जोडीनं काम करायचं: एक दाबतो, दुसरा मधली फट बंद करतो. चौकोन दहा-बारा मीटरचा केला की सगळ्यांना सगळं जमायला लागतं आणि कुणी काही शिकत नाही.

पंधरवड्यानं चारविरुद्ध चार अधिक तिघे घ्या, साधारण २० बाय १५ मीटरमध्ये. तिघे ज्यांच्याकडे बॉल त्यांच्या बाजूनं. दोन टोकांना एकेक आणि एक मधे. बॉलवाले चौघे लांब कडांवर रुंद उभे राहतात, बाकीचे चौघे आत दाबतात. बॉल गेला की अदलाबदल. मधला तो चार नंबर. त्याच्याकडे बॉल जाताना त्यानं मागे पाहिलं का, एवढंच पहिले काही दिवस तपासा. बॉल यायच्या क्षणी त्याच्या पाठीमागे उभं राहून बोटं दाखवा आणि बॉल सोडल्यावर किती होती ते विचारा. आपल्याकडच्या मुरुमाच्या मैदानावर बॉल उसळतो, तेव्हा एक टचचा हट्ट धरू नका, तीन टच द्या. पास मात्र कडकच मागा, आणि सराव सुरू करण्याआधी तेवढ्या पट्ट्यावर पाणी मारून खडे वेचून घ्या.